मॅक्रोची लेन्स घेण्याआधी फूटपट्टी काढा

हाताशी निकॉनचा डी५३०० कॅमेरा होता, सोबत १८-५५ आणि ५५-२०० मिमीच्या दोन लेन्स. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं, कुंडीतल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या, कोळी, डोंगळे, ओल्या लाकडावरच्या छत्र्या यांचे जवळून फोटो काढायचे होते. त्यासाठी काय घ्यायचं, एवढाच प्रश्न. तो सुटायला एक अख्खा पावसाळा गेला, कारण सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. आधी बॉडीचा खल केला, मग लेन्सचा, आणि उजेडाची आठवण सगळ्यात शेवटी झाली. आता कोणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगतो. विषय केवढा आहे ते आधी, मग तो किती जवळ येऊ देतो, मग उजेड कुठून आणायचा, मग लेन्स. बॉडी राहिलेल्या पैशांत.

पहिलं काम फुकटात होतं. स्टीलची फूटपट्टी टेबलावर आडवी ठेवा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि रिंग सगळ्यात जवळच्या टोकापर्यंत फिरवून तिथेच सोडा. आता रिंगला हात न लावता कॅमेराच पुढे-मागे करा आणि पट्टीवरच्या रेघा स्वच्छ दिसल्या की फोटो घ्या. फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागा. आलेला आकडा म्हणजे मॅग्निफिकेशन. डी५३००चा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे. १८-५५ मध्ये ५५ ला जवळपास ६५ मिमी मावले, म्हणजे ०.३६. ५५-२०० मध्ये २०० ला शंभरच्या आसपास, म्हणजे ०.२३. लांबची लेन्स म्हणजे मोठं चित्र, हा समज तिथेच गळून पडला. ५५-२०० ला फोकस व्हायला मीटरभर मागे राहावं लागतं, १८-५५ ची किट लेन्स पाव मीटरच्या आसपास पोचते, म्हणून चित्र तिचंच मोठं.

मग याच पट्टीने विषय मोजले. फ्रेमचा दोन तृतीयांश भाग भरावा असं धरलं तर या सेन्सरवर विषयाचं चित्र १६ मिमी रुंद पडायला हवं. राज्याचं फुलपाखरू असलेलं नीलवंत पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. त्याला १:९ पुरे, म्हणजे सेन्सरवरचं चित्र विषयाच्या नवव्या भागाएवढं, तिथे मॅक्रो लेन्सचं काहीच काम नाही, आहे ती झूम लेन्स चालते. सीतेच्या आसवांचं फूल सेंटीमीटरभर, डोंगळा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, यांना १:१ ते दीडास एक. भिंतीवर उड्या मारणाऱ्या कोळ्याचा नुसता चेहरा हवा असेल तर तो तीन मिलिमीटरचा, म्हणजे पाचास एक. ही पाचास एकची दुनिया पूर्णपणे वेगळी आहे. तिथली लेन्स वेगळी, उजेड वेगळा आणि संयमही वेगळा. माझ्या यादीतले दहापैकी आठ विषय १:४ ते १:१ मध्ये बसत होते. हे कागदावर आल्यावर निम्मी खरेदी आपोआप रद्द झाली.

खोक्यावर ‘मॅक्रो’ लिहिलंय म्हणून लेन्स मॅक्रो होत नाही. बऱ्याच झूम लेन्सवर तो शब्द असतो आणि मॅग्निफिकेशन असतं १:३ किंवा १:४. तपशिलाच्या तक्त्यात १.०x किंवा १:१ लिहिलेलं आहे का तेवढं बघायचं. निकॉन मात्र अगदी खऱ्या १:१ लेन्सलाही ‘मायक्रो’च म्हणते, १९५६ सालच्या पहिल्या मायक्रो-निकॉरपासून. नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नये.

पैसे कमी होते म्हणून आधी जोडकामाचे तिन्ही मार्ग वापरून बघितले. तिन्हींचा हिशोब सोपा आहे आणि तो आधी केला तर चुकीची वस्तू घरात येत नाही.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ नळ्या, आत काच नाही. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), एवढं मॅग्निफिकेशन त्यातून मिळतं. १२, २० आणि ३६ मिमी असा तीन नळ्यांचा संच नेहमी मिळतो, एकूण ६८. तो ५० मिमी लेन्सला लावला की १.३६. तोच २०० मिमीला लावला तर जेमतेम ०.३४ ची भर. म्हणून ट्यूब आखूड लेन्सलाच. पण फार आखूड लेन्सचाही उपयोग नाही. १८ मिमीला २० ची नळी लावली की फोकस काचेच्या अगदी आत-बाहेर कुठेतरी पडतो आणि समोर काहीच दिसत नाही. शिवाय उजेड कमी होतो, ५० आणि ६८ च्या जोडीत जवळजवळ अडीच स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो).

स्वस्त ट्यूबमध्ये खरी मेख संपर्कबिंदूंची असते. ज्या नळ्यांत पितळी ठिपके आणि ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची, दांडी नाही, त्यांवर निकॉनची ‘जी’ प्रकारची, म्हणजे ॲपर्चरची रिंग नसलेली लेन्स लावली की ॲपर्चर मिटून सगळ्यात लहान होतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. लोक दांडीत कागदाची घडी खुपसून ॲपर्चर उघडं ठेवतात. काम चालतं, पण किती उघडलं ते कळत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये उलट. ती पूर्ण उघडी राहते. तिथे बॉडीवर असतानाच एफ/११ लावायचा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, मग पाती एफ/११ ला अडकून राहतात. दोन्ही कसरती घरात जमतात, चिखलात नाही. ट्यूब घ्यायचीच तर संपर्कबिंदू असलेली घ्यावी, थोडे जास्त पैसे जातात ते जाऊ द्यावेत.

दुसरा मार्ग लेन्स उलटी लावण्याचा. ५२ मिमीची रिव्हर्स रिंग अगदी स्वस्तात येते. ५० मिमी उलटी लावली की साधारण १:१, २८ मिमी उलटी लावली की दोनास एकच्या आसपास. १८-५५ उलटी लावली तर झूम फिरवून मॅग्निफिकेशन बदलता येतं, १८ ला तिनास एकच्या पुढे. विषय लेन्सपासून चार-पाच सेंटीमीटरवर यावा लागतो आणि लेन्सची मागची बाजू, म्हणजे सगळ्यात नाजूक काच, उघडी पडते. पावसाच्या एका थेंबाने ती बाजू खराब होते. मुंगी केवढी मोठी दिसू शकते हे बघायला हा मार्ग झकास आहे. रोजच्या कामाला नाही.

तिसरा मार्ग क्लोज-अप काचेचा, आणि या तिन्हींत मला हाच पटला. फिल्टरसारखी चार काचांची स्वस्त पुडी मिळते, ती घेऊ नये. एकेरी काच असते, कडांना जांभळी-हिरवी किनार येते. रेनॉक्सची डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० ही चांगली काच आहे, चिमट्यासारख्या पकडीने ५२ ते ६७ मिमी फिल्टर आकाराच्या लेन्सवर बसते. २५० ची ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे तिची स्वतःची फोकल लेन्थ १२५ मिमी. लेन्स अनंतावर ठेवली तर लेन्सची फोकल लेन्थ भागिले १२५ एवढं मॅग्निफिकेशन. २०० मिमीवर १.६, फ्रेममध्ये जेमतेम १५ मिमी. १५० ची ताकद ४.८, फोकल लेन्थ २०८, त्यामुळे २०० मिमीवर एकाच्या किंचित खाली. लांब लेन्सला काच, आखूड लेन्सला ट्यूब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काचेने उजेडही कमी होत नाही.

नवशिक्याने १५० घ्यावी. सगळीकडे २५० ची शिफारस दिसते, मीही तीच आधी घेतली, आणि पहिले पंधरा दिवस विषय सापडण्यातच गेले. लेन्सपासून साधारण १२ सेंमीवर एक पातळ पडदा असावा तसं फक्त तेवढंच दिसतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे निव्वळ धूसर. समोरच फुलपाखरू येऊन बसलं तर काच काढावी लागते, आणि तोवर ते उडून जातं. झूमचा आखूड भाग वापरला तर कोपरे काळे पडतात. या सक्तीच्या अंतरामुळेच शेवटी खरी मॅक्रो लेन्स घ्यायचं ठरलं. अनंतापासून १:१ पर्यंत सलग फोकस होतं, हीच तिची किंमत. तीक्ष्णपणा सगळ्याच मॅक्रो लेन्समध्ये भरपूर असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न फोकल लेन्थचा, आणि तो खरं तर अंतराचा प्रश्न आहे. तक्त्यात दिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. बॉडीवर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून. त्यातून बॉडीची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या टोकापासून विषयापर्यंतची खरी जागा उरते. निकॉनच्या ४० मिमीचं किमान अंतर १६.३ सेंमी, पण १:१ ला उरते साडेतीन सेंमीच्या आसपास. ६० मिमीत पाच. ८५ मिमीत १४, आणि १०५ मिमीत १५. टॅमरॉनची जुनी ९० मिमी फोकस करताना पुढे लांबत जाते, तिच्यात साडेनऊ-दहा. त्याच कंपनीच्या नंतरच्या ९० मध्ये, जिची लांबी बदलत नाही, १४ च्या जवळपास.

चाळीसची लेन्स स्वस्त, हलकी, सुंदर. दागिने, नाणी, टपाल तिकिटं, शिवणकाम यांच्यासाठी तीच घ्यावी. पण साडेतीन सेंटीमीटरवर लेन्सची सावलीच विषयावर पडते, फ्लॅशचा उजेड आत शिरत नाही, आणि कोणताही शहाणा नाकतोडा एवढ्या जवळ काळी नळी आली की उडी मारतो. कासला तर ठरवून दिलेल्या वाटेवरूनच फोटो काढायचे असतात, फुलांत गुडघा टेकायची सोय नाही आणि टेकूही नये. तिथे ४० मिमी हातात घेऊन नुसतं बघत बसावं लागतं. किडे आणि रानफुलं यांसाठी ८५ च्या खाली जाऊ नये, डी५३०० सारख्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवरसुद्धा. १५० आणि १८० च्या मॅक्रो लेन्स आणखी अंतर देतात, पण त्यांचं वजन हातात धरून ओणवं बसल्यावर दहाव्या मिनिटाला कळतं.

लेन्समधल्या कंपनरोधकासाठी जास्त पैसे द्यावेत का? दूरच्या विषयाला हो. १:१ ला त्याचा उपयोग फार कमी. साधा कंपनरोधक कॅमेऱ्याचं कलणं सावरतो. एवढ्या जवळ मात्र त्रास देतं ते कॅमेऱ्याचं आडवं-उभं सरकणं. कॅननने २००९ च्या १०० मिमी एल मॅक्रोमध्ये दोन्ही सावरणारी यंत्रणा दिली, तो अपवादांपैकी एक. नाहीतर विषयच गवताच्या काडीवर डुलत असतो, आणि त्याला कोणतीच यंत्रणा थांबवत नाही.

मी सेकंडहँड टॅमरॉन ९० एफ/२.८ घेतली, जुनी, २७२ई. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, ५५ मिमी फिल्टर. निकॉनची ८५ मिमी एफ/३.५ त्या वेळी जुन्या बाजारात मिळाली नाही. आज मिळाली तर तीच घेईन, कारण ती लांबत नाही आणि अंतर जास्त देते. टॅमरॉन घेताना एक फसगत झाली ती सांगितली पाहिजे. निकॉनसाठी ही लेन्स दोन प्रकारांत आली, आधीची मोटर नसलेली आणि नंतरची मोटर असलेली. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे पहिली लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही. विकणाऱ्याने मोटर आहे असं सांगितलं होतं आणि ती नव्हती. मॅक्रोत फोकस हातानेच करायचा असल्याने नुकसान फारसं झालं नाही, पण तीच लेन्स माणसांच्या फोटोंसाठीही वापरायची असती तर झालं असतं. निकॉनच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड बॉडीला जुन्या लेन्स जोडायचं एफटीझेड ॲडॉप्टर लावलं तरी हीच अडचण येते, त्या ॲडॉप्टरमध्येही मोटर नाही.

जुनी लेन्स बघताना दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी पंधरा मिनिटं मागून घ्यायची. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका आत टाकायचा आणि पुढून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या कणांसारखे पांढरे धागे दिसले की फंगस. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतेच, किनारपट्टीवर तर हमखास, म्हणून कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स नको. धुळीचे दोन-चार कण चालतात. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नाही. ॲपर्चरची दांडी बोटाने हलवून सोडली की पाती टचकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर तेल उतरलंय. लांबणारी लेन्स असेल तर १:१ पर्यंत पूर्ण बाहेर काढून पुढचं नळकांडं हळूच हलवून बघायचं. किंचित हालचाल असतेच, खडखड नको. २७२ई मध्ये फोकस रिंग पुढे-मागे सरकवून ऑटो आणि मॅन्युअल बदलतात, ते खटक्याने बसतंय का बघायचं. शेवटी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवून एफ/४ ला फोटो काढायचा आणि चारही कोपरे सारखे आहेत का ते तपासायचं. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली असते.

लेन्स आली आणि पहिले दोनशे फोटो वाया गेले. त्याचं कारण उजेड. १:१ ला एफ/८ लावला की प्रत्यक्षात सेन्सरवर एफ/१६ एवढाच प्रकाश पोचतो. लावलेला आकडा गुणिले एक अधिक मॅग्निफिकेशन, असा तो हिशोब. निकॉनच्या स्वतःच्या मायक्रो लेन्सवर बॉडी हा खरा आकडा दाखवते, त्यामुळे एफ/२.८ ची लेन्स जवळ नेली की ४.८ दाखवू लागते आणि लोकांना लेन्स बिघडली असं वाटतं. कॅनन दाखवत नाही, तिथे मनातच दुप्पट करायची. ॲपर्चर उघडावं तर खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, उरत नाही. क्रॉप सेन्सरवर १:१, एफ/८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ०.६ मिमी. दोनास एकला ती पाव मिलिमीटर होते. डोंगळ्याचा डोळा स्पष्ट आला तर मिशीचं टोक धूसर. आणि ॲपर्चर फार मिटलं तर विवर्तनाने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच चित्र मऊ होतं. एफ/१६ लावला की प्रत्यक्षात ३२, तिथे २४ मेगापिक्सेलचा काही उपयोग उरत नाही. १:१ ला मी एफ/८ ते ११ च्या बाहेर जात नाही, त्याहून जवळ गेलं तर ५.६ ते ८.

एवढं मिटलेलं ॲपर्चर, पावसाळी आभाळ आणि झाडाखालचा किडा. नुसत्या उजेडात शटर १/१५ वर येतं आणि हात हलल्याचं चित्र मिळतं. म्हणून फ्लॅश, आणि त्याहून महत्त्वाचा डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा. माझं पक्कं मत आहे की साध्या लेन्ससोबतचा चांगला डिफ्यूझर हा महागड्या लेन्सवरच्या उघड्या फ्लॅशपेक्षा केव्हाही चांगला. लेन्सच्या तोंडाला लावायची एलईडीची स्वस्त रिंग घेऊ नये. तिचा उजेड एफ/११ ला पुरत नाही आणि किड्याच्या डोळ्यात, दवाच्या थेंबात पांढरी बांगडी उमटते.

सुरुवात बॉडीवरच्या पॉप-अप फ्लॅशने करता येते. नुसता उघडला तर लेन्सची अर्धगोल सावली फ्रेमच्या खालच्या भागात पडते. वेफर्सचा उंच गोल डबा दोन्ही टोकांनी कापून, आतून चकचकीत ठेवून फ्लॅशवर तिरका बसवायचा आणि पुढच्या टोकाला बटर पेपर लावायचा. उजेड लेन्सच्या टोकापर्यंत वाहून नेला जातो. पुढे मी गोडॉक्सचा टीटी३५० घेतला, दोन पेन्सिल सेलवर चालतो, हलका आहे. त्याच्या पुढे मोबाईलच्या खोक्यातल्या पांढऱ्या फोमचे दोन थर, मध्ये बोटभर अंतर, कमान करून लेन्सच्या टोकाच्या थोडं पुढे येतील असे. एक थर पुरत नाही. ढालकिड्यासारखा चकचकीत किडा आरशासारखा असतो, त्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढराफटक ठिपका येतो. दुसऱ्या थराने तो पसरतो. डिफ्यूझर विषयाच्या जितका जवळ तितका विषयाच्या मानाने मोठा आणि उजेड तितका मऊ.

सेटिंग एकदा बसलं की दिवसभर बदलावं लागत नाही. मॅन्युअल मोड, शटर १/२००, कारण डी५३०० फ्लॅशशी त्यापेक्षा वेगात जुळत नाही. ॲपर्चर एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६. पहिला फोटो काढून उजेड कमी-जास्त वाटला तर फक्त फ्लॅशची ताकद बदलायची. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो, विषय गोठवण्याचं काम तोच करतो. शटर नव्हे. मागचा भाग काळाकुट्ट येतो ही या पद्धतीची नेहमीची तक्रार. विषयामागे हातभर अंतरावर एखादं पान येईल असा कोन धरायचा, किंवा आयएसओ ८०० पर्यंत नेऊन मागचा नैसर्गिक उजेड थोडा आत घ्यायचा.

फोकस रिंगने करायचाच नाही. किती मोठं चित्र हवं ते रिंगवर ठरवायचं आणि मग स्वतः हळूहळू पुढे झुकत डोळा स्पष्ट झाला त्या क्षणी बटण दाबायचं. कोपर गुडघ्यावर किंवा छातीशी. जमेल तिथे डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी धरून लेन्स त्याच हाताच्या मुठीवर टेकवायची, म्हणजे वाऱ्याने काडी आणि लेन्स एकत्रच हलतात. काडी धरायला तारेच्या टोकाला बांधलेला कपड्यांचा चिमटाही चालतो. किड्याला फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायची युक्ती काहीजण सांगतात. ती वाईट आहे, आणि फोटोतही कळते, पाय मेल्यासारखे दुमडलेले असतात. पहाटे दव असताना गेलं तर किडा आपोआप सुस्त मिळतो.

फोकसिंग रेल, म्हणजे कॅमेरा थोडा थोडा पुढे-मागे सरकवायची पट्टी, घेऊन पडून राहिली. ट्रायपॉडही छत्र्या आणि शेवाळ सोडून फारसा लागला नाही, तिथेसुद्धा जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवलेली उशी जास्त कामी आली, जमिनीलगत कॅमेरा तिच्यावरच नीट बसतो.

आता बॉडी. फुल फ्रेमने, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीने, मॅक्रो सुधारतं हा समज महागात पडतो. १:१ ला फुल फ्रेममध्ये ३६ मिमी मावतात, क्रॉपमध्ये साधारण २४, मायक्रो फोर थर्ड्स या त्याहून लहान सेन्सरमध्ये १७.३. म्हणजे तीच मुंगी लहान सेन्सरच्या फ्रेममध्ये मोठी. फुल फ्रेमवर तेवढीच मोठी हवी तर दीडास एकला जावं लागतं आणि खोली पुन्हा कमी होते. बॉडीत खरोखर बघायच्या गोष्टी चार. पहिली, वळणारा स्क्रीन. जमिनीलगतच्या फुलाला याच्याशिवाय पोटावर झोपावं लागतं. डी५३०० ला तो आहे म्हणूनच बॉडी बदलली नाही. दुसरी, व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र मोठं करून फोकस बघता येणं आणि फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट आलेल्या कडा रंगवून दाखवणं. इथे मिररलेस सरळ पुढे आहे. तिसरी, फ्लॅशशी जुळणारा शटरचा वेग, १/२०० ते १/२५० असावा. चौथी फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे कॅमेरा स्वतः फोकस थोडा थोडा सरकवत फोटोंची माळ काढतो आणि नंतर ते जोडता येतात. ऑलिंपसने हे २०१५ मध्येच दिलं, निकॉनने डी८५० मध्ये, कॅननच्या ईओएस मालिकेत ते आरपी या बॉडीपासून आलं, सोनीकडे बराच उशिरा. पाच मिलिमीटर खोलीचा विषय, १:१, एफ/५.६ असं धरलं तर ०.३ मिमीच्या पावलाने सतरा-अठरा फोटो लागतात. तेवढा वेळ विषय स्थिर हवा. छत्री, शेवाळ, दवबिंदू वनस्पतीचे चिकट थेंब, दवात निजलेली टाचणी (चतुरासारखा बारीक किडा), यांना छान. चालत्या मुंगीला अजिबात नाही.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याने आज मायक्रो फोर थर्ड्सची जुनी बॉडी आणि ऑलिंपसची ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो घ्यावी. लेन्स २०१२ ची आहे, १८५ ग्रॅमची, आणि ब्रॅकेटिंग असलेली बॉडी घेतली तर डोंगरात दिवसभर गळ्यात अडकवून फिरता येतं. फक्त कंटेंटसाठी म्हणून कधीतरी फूल-पान काढायचं असेल तर ऑलिंपसच्या टफ मालिकेतला छोटा कॅमेरा पुरे, पाऊस लागला तरी चालतो आणि एका सेंटीमीटरवर फोकस करतो, अर्थात एवढ्या जवळ स्वतःचीच सावली सांभाळावी लागते. आणि ज्याच्याकडे कुठलाही डीएसएलआर आणि ५५-२०० किंवा ५५-२५० सारखी लेन्स पडून आहे, त्याने आधी डीसीआर-१५० आणि फ्लॅश घ्यावा. सहा महिन्यांनी हात बसला की लेन्सचं बघावं.

कोळ्याच्या चेहऱ्याचं काम माझ्याकडे अजून अर्धवटच आहे. टॅमरॉनवर १:१ ला डीसीआर-२५० लावली की दोनास एकच्या आसपास पोचतं, पुढचं क्रॉप करून भागवतो. कॅननची एमपी-ई ६५ एक ते पाचपट मोठं दाखवते, पण तिच्यावर अनंत नाहीच, ती घेऊन फक्त तेवढंच काम करता येतं. लाओवाच्या दोनास एक लेन्स जास्त व्यवहारी आहेत. फोकस पूर्ण हाताने, काही माउंटवर ॲपर्चरही हाताने, म्हणजे एफ/११ लावला की व्ह्यूफाइंडरही अंधारा, हे माहीत असून घ्यावी.

पावसातून आल्यावर बॅग लगेच उघडायची नाही, एसीच्या खोलीत तर नाहीच. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, नाहीतर काचेवर दव धरतं आणि ते आतही शिरतं. नंतर लेन्सची लांबलेली नळी कोरड्या कापडाने पुसूनच आत घ्यायची, ओली आत गेली की पाणी सोबत जातं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये हवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा निळे करून घ्यायचे. जुलैत माझ्याकडे हे दर पंधरा दिवसांनी करावं लागतं, डिसेंबरात एकदाही नाही.